दुपट्ट्याखालचा भाव

इरा आणि कबीर, तुम्हाला आमच्या समोरचे गुलाबराव आठवत असतील तर ते चेहऱ्याने नाही, अंगठ्याने आठवत असतील. तुम्ही लहान असताना एका सुट्टीत त्यांनी तुम्हाला फाटकाशी गाठलं होतं. खांद्यावरचा दुपट्टा काढून आपल्या उजव्या हातावर पसरला आणि म्हणाले, "हात घाला बेटा खाली. जिलेबी पाह्यजे असंन तर अंगठा दाबा, आइस्क्रीम पाह्यजे असंन तर करंगळी." इरा माझ्यामागे लपली. कबीरने दोन्ही बोटं एकदम दाबली. "हे पोरगं धंदा करंन," असं म्हणून त्यांनी दोन्ही आणून दिलं होतं.

परवा त्याच पोराने फोनवर विचारलं, "आजी, एमबीएला जाऊ का गं? सगळे म्हणतात सध्या मंदी आहे, नोकरी धरून बस." मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. बाजाराचं मला काही कळत नाही. पण हाच प्रश्न या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत येऊन गेला, आणि तो गुलाबरावांच्या दुपट्ट्याखालून गेला. म्हणून उत्तराच्या जागी मी तुम्हाला गुलाबरावच पाठवते आहे. आधी दुपट्ट्याचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गुलाबराव गांधीबागेत कापडाचे दलाल होते. एका बाजूला गाठी मांडून बसलेला ठोक व्यापारी, दुसऱ्या बाजूला वर्ध्या-यवतमाळहून खरेदीला आलेला दुकानदार, आणि मधे गुलाबराव. भर बाजारात भाव मोठ्याने बोलला तर शेजारचा ऐकतो आणि सौदा नासतो. म्हणून हातांवर दुपट्टा टाकायचा आणि भाव बोटांनी सांगायचा. कोणतं बोट धरलं, कोणतं पेर दाबलं, मूठ आवळली की सैल सोडली, यात सगळी बोलाचाली. आणि तेवढा वेळ तोंड मोकळं राहिलं तर बघणाऱ्याला संशय येतो, म्हणून तोंडाने भलतंच काही बोलत राहायचं. गुलाबराव वांग्यांबद्दल बोलत. "यंदा वांग्याले काही चव नाही राहिली," हे पहिलं वाक्य. "पाणीच तसं हाय, काय करता," हे दुसरं. तेवढ्यात सौदा आटोपलेला असे. तिसऱ्या वाक्याची त्यांना कधी गरज पडली नाही, असं ते अभिमानाने सांगत.

धंद्यातून मोकळे झाले, पण दुपट्टा काही खांद्यावरून उतरला नाही. कोणतीही महत्त्वाची गोष्ट ते तोंडी विचारतच नाहीत. "तोंडानं माणूस समोरच्याले बरं वाटंन थे बोलते, बाई," ते मला म्हणतात. "बोटाले लाजशरम नसते. बोट खरं बोलते." आणि त्यांचा कडक नियम असा, की दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखालीच राहतं. कोणी कोणतं बोट दाबलं हे ते मरेपर्यंत सांगायचे नाहीत. एरवी बाजारात बोटांची मोठी बाराखडी आहे म्हणे, पण आम्हा प्रतापनगरच्या अडाण्यांसाठी त्यांनी सोपं करून ठेवलं: अंगठा म्हणजे हो, करंगळी म्हणजे नाही. बायकांचा हात ते धरत नाहीत. आपला हात दुपट्ट्याखाली उघडा ठेवतात आणि दुसरीकडे बघतात. आपण त्यांचं बोट दाबायचं.

ही सवय सगळीकडे चालते असं नाही. त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी सोबत धंतोलीच्या दवाखान्यात गेले होते. बाहेर पेशंटांची ही गर्दी, कोणी गडचिरोलीहून आलेलं, कोणी वणीहून. तरुण डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही, काका. साधं ऑपरेशन आहे." गुलाबरावांनी मान हलवली, खुर्ची पुढे ओढली, टेबलावर दुपट्टा पसरून त्याखाली हात सरकवला आणि हळूच म्हणाले, "हे झालं तोंडाचं. आता खरं सांगा."

डॉक्टर एकदम खुर्चीसकट मागे सरकले. "काका, इथे असलं काही चालत नाही. जे काय असेल ते बाहेर काउंटरवर भरा."

बाहेर आल्यावर गुलाबरावांनी दुपट्ट्याची घडी घातली. मग म्हणाले, "माणूस चांगला हाय. पण बोट दाखवाले भ्यायला. काही तरी भानगड हाय माह्या डोळ्यात." ऑपरेशन छान झालं तरी ती शंका त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

आता घर. गुलाबरावांची बायको कधीच गेली. एकुलता एक मुलगा गेला तेव्हा नात शाळेत होती. घरात तिघंच: गुलाबराव, शाळेत गणित शिकवणारी सून शोभा, आणि ऋतुजा. ऋतुजा म्हणजे स्कूटी, मोठं हसू आणि फाटकातूनच बोलायला सुरुवात. ती मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती. दर शनिवारी आजोबांना स्कूटीवर मागे बसवून गांधीबागेत नेऊन आणायची. काम काही नसे. "बाजाराले दिसत राहा लागते," एवढंच ते म्हणत.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होते. समोरचं फाटक दणकन उघडलं आणि ऋतुजा एका पायात चप्पल घालून धावत आली. "आजी, नंबर लागला." दक्षिणेकडचं एमबीएचं नावाजलेलं कॉलेज. ज्या परीक्षेसाठी ती पहाटे उठून बसायची, तिचा निकाल. मी तिला जवळ घेतलं आणि पाइप कुठे पडला ते पाहिलंच नाही. अंगणभर पाणी झालं. त्या पाण्यात आम्ही दोघी उभ्या राहून हसत होतो. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे वानखेडे साहेब गॅलरीत आले, शोभा पोळपाट-लाटण्यावरून पिठाच्या हातांनी आली. शेवटी गुलाबराव आले. पाण्यातून चालत आले, ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पेढे सौदा झाल्यावर."

"म्हणजे काय, आबाजी? नंबर लागला ना."

"माल दिसला. सौदा कुठी झाला?"

आणि ते खरंच होतं. किंमत मोठी मोजायची होती आणि दिवस वाईट होते. ऋतुजाच्या ऑफिसात एकेक खुर्ची रिकामी होत चालली होती. "पूर्वी कोणाच्या वाढदिवसाला केक पुरायचा नाही," ती मला सांगायची, "आता उरतो." तिची नोकरी अजून टिकून होती. ती सोडायची, डोक्यावर कर्ज घ्यायचं, दोन वर्षं शिकायचं आणि बाहेर पडताना बाजार कसा असेल ते देवाला माहीत. जागा पक्की करायला त्यांनी महिन्याच्या अखेरचा सोमवार दिला होता.

आमच्या गल्लीला असा विषय फार दिवसांनी मिळाला होता. कॉलेजात निवडणूक लागली की जशी हवा बदलायची, तसं झालं. सकाळच्या दुधापासून संध्याकाळच्या फिरण्यापर्यंत तेच.

वानखेडे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज अजूनही धरणाच्या भिंतीवरून बोलल्यासारखा. "बिनधास्त जा," ते म्हणाले. "मंदीत नोकरीत राहून काय मिळते? ना बढती, ना पगारवाढ. दोन वर्षांत बाजार सुधरते, तू तयार होऊन बाहेर."

शोभाचं गणित उलटं. "लोक खुर्चीला धरून बसून राहिले नि ही उठून चालली. अन् दोन वर्षांनी मंदी तशीच असली तर? खुर्चीही गेली नि कर्जही डोक्यावर. काही जायचं नाही. बसून राहा गपचूप."

मी ऋतुजाला माझ्या पद्धतीने कागदावर रेघ ओढून दोन बाजू मांडायला सांगितल्या. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. ऋतुजा म्हणाली, "आजी, तुमच्या पद्धतीत कोणीच हरत नाही."

मी तिला विचारलं, तुला स्वतःला का जायचं आहे? तिने तो कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आमच्या रांगेतल्या लोकांना कामावरून काढायला एकेक करून आत बोलवायचे ना, तेव्हा आत टेबलाच्या पलीकडे एक बाई बसलेली असायची. तिलाही काही सांगता यायचं नाही, की हाच माणूस काहून, तो काहून नाही. मला ते समजून घ्यायचंय. दुकान बुडत असताना लोकांना न बुडवता कसं चालवतात, ते."

हे सगळं चालू असताना गुलाबराव पायरीवर बसून ऐकत आणि खांद्यावरचा दुपट्टा घडी करून मांडीवर ठेवत. मंदी या शब्दाचं त्यांना काही नवल नव्हतं. "बाजार झोपत नसते, बाई," ते मला म्हणाले. "बाजार विचार करून राहते. आमच्या वेळी मंदी आली का सेठ लोक सगळे ताके खाली काढत, झटकत, पुन्हा घड्या घालत. नोकरमाणसाले हात लावून लावून माल समजे. मंदीत घडी घालणारा तेजीत विकते."

"मग तुमचं मत जायचं म्हणून आहे तर."

ते एकदम दचकले. "माह्यं काहून मत राहीन? मी दलाल. दलालाले सोताचा भाव नसते."

मग त्यांनी बाजार भरवला. दुसरा शब्द नाही त्याला. इस्त्री केलेला दुपट्टा घेऊन ते सकाळी निघाले आणि ज्याचं ज्याचं मत मोलाचं वाटलं त्याच्याकडे गेले. वानखेडे साहेबांच्या गॅलरीत गेले. भाजीवाल्या सुमनच्या हातगाडीशी गेले. सुमन म्हणाली, "काकाजी, बोट मंग दाबतो, आधी वांगे घ्या. रोज नावं ठेवता नि घेत काही नाही." ते माझ्याकडेही आले. हात दुपट्ट्याखाली ठेवून माझ्या कूलरकडे बघत म्हणाले, "यंदा वांग्याले काही चव नाही राहिली." मी एक बोट दाबलं. कोणतं ते तुम्हालाही सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

नियम पाळता न येणारे लोकही असतात. त्याच संध्याकाळी वानखेडे साहेब माझ्याकडे आले, पाणी मागितलं, आणि त्यांचा तो धरणासारखा आवाज अगदी नळाच्या थेंबासारखा झाला. "बाई, मी करंगळी दाबली. तोंडानं मोठा बिनधास्त जा म्हणतो मी. पण आमचा पोरगा तेच शिकून घरी बसून आहे ना. त्याच्या खोलीचं दार दिवसभर बंद राहते. ऋतुजाच्या आनंदावर पाणी कसं टाकू?" इतके दिवस आम्हाला वाटत होतं, मुलगा घरून काम करतो.

आणि शोभा. शोभाचा भाव गुलाबरावांनी आमच्या ओट्यावरच घेतला. ती तोंडाने सारखी म्हणत होती, "मामाजी, मी सांगितलं ना एकदा. नाही म्हणजे नाही. नोकरी सोडायची नाही." म्हणता म्हणता तिचा हात दुपट्ट्याखाली गेला आणि गुलाबराव "अगं बाई" म्हणून उडालेच. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पण नंतर चहा पिताना कप डाव्या हातात होता आणि उजव्या हाताचा अंगठा ते गुपचूप धोतराला चोळत होते. शोभाने ते पाहिलं, मी ते पाहिलं, आणि आम्ही दोघी कोथिंबिरीने भरलेल्या सांबारवडीच्या ताटाकडे बघत राहिलो.

बाजार उठल्यावर ऋतुजाने विचारलं, "मग आबाजी, काय निघालं?"

"अर्धा अर्धा."

"असं कसं? आता मी काय करू?"

"दलालाचं काम भाव आणून देणं. सौदा धन्यानं कराचा."

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी ऋतुजाला ऑफिसात बोलावून घेतलं. माणसं कमी, काम तेवढंच. गुलाबराव तयार होऊन फाटकात उभे होते. मला पडद्यांसाठी कापड घ्यायचंच होतं, म्हणून मी म्हटलं, आज माझ्यासोबत चला. आम्ही ऑटोने गेलो.

गांधीबाग तशीच आहे, अरुंद आणि कापडाच्या वासाने भरलेली. पण गिऱ्हाईक नव्हतं. पांढऱ्या गाद्यांवर व्यापारी मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. गुलाबरावांना मात्र सगळे ओळखत. "या काकाजी. पाणी घ्या काकाजी." मला घेऊन ते एका मोठ्या पेढीवर गेले. तिथे आता जुन्या सेठजींचा नातू बसतो. मी कापड पसंत केलं. गुलाबरावांनी घसा खाकरला, दुपट्टा पसरला, हात खाली घातला आणि म्हणाले, "यंदा वांग्याले काही चव नाही राहिली."

नातू चांगल्या घरचा. त्याने हसून हात खाली घातला. थोडा वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "काकाजी, मले नाही येत हे. दादाजींसोबतच गेलं. रेट लिहून हाय ना त्याच्यावर. बाईंसाठी कमी करतो मी, तुम्ही सांगा फक्त."

"हाव, हाव," गुलाबराव म्हणाले. हात बाहेर काढला, दुपट्ट्याची घडी केली, घडीवर घडी केली, आणि खांद्यावर ठेवला. कापड स्वस्तात मिळालं.

परत येताना ऑटोत मी विचारलं, "आता बाजारात कोणालाच येत नाही का हे?"

"होते दोघं-चौघं. गेले. आता सगळं मोबाइलवर चालते." मग जरा हुशारून म्हणाले, "पण आमच्या पोरीले पुरं येते. पेरासहित. लहान होती तेव्हा झोपाची वेळ बोटावर ठरवे माह्यासोबत. पक्की हाय. मलेच लुटे." बजाजनगरचा चौक येईपर्यंत ते हसत होते.

संध्याकाळी ऋतुजा आली. कापड पाहिलं, रंग चांगला आहे म्हणाली. मग पडद्याची कड बोटात धरून तिने विचारलं, "आजी, आज कोणी हात दिला त्यांना?"

"दिला. पण त्याला येत नव्हतं."

तिने मान हलवली. तिला माहीत होतं. दर शनिवारी ती त्यांना तिकडे नेऊन उभी राहायची आणि घरी परतल्यावर ओट्यावर बसून तासभर त्यांच्याशी खोटे सौदे करायची, हे मी इतकी वर्षं समोरून पाहत होते. मला वाटायचं, खेळ आहे.

"मंदी जाईल हो कधी तरी," ती म्हणाली. "मी सगळ्यांना मंदीचं कारण सांगून राहिली. पण मी गेली तर हे बोलतील कोणाशी? आई हात देईल, पण आईला दोनच बोटं येतात."

ती इतकी उत्साही मुलगी, आणि सोमवार परवावर आलेला असून तिने अजून काहीच भरलं नव्हतं. मी तिला उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, "सगळ्यांचा भाव घेतला त्यांनी. त्यांचा कोणी घेतला का?"

रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही सगळे नेहमीसारखे आमच्या ओट्यावर. मी पन्हं केलं होतं. शोभा वह्या तपासत होती. गुलाबराव पायरीवर. ऋतुजा आली, आजोबांच्या समोर मांडी घालून बसली, आणि तिने त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून घेतला. आजवर त्या दुपट्ट्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. तिने तो झटकला, आपल्या हातावर पसरला आणि म्हणाली, "चला आबाजी. आज दलाल मी. तुमचा भाव सांगा."

"दलालाले भाव नसते, बेटा."

"आज तुम्ही दलाल नाही. आज माल तुमचा आहे."

शोभाचं लाल पेन थांबलं. गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी इंग्रजीत काही तरी सांगून त्यांना सोडवणार होते. मी पन्ह्यात चमचा फिरवत राहिले. मग त्यांनी हात दुपट्ट्याखाली घातला, फाटकाकडे तोंड केलं आणि बाजारातल्या त्या कोऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "यंदा वांग्याले काही चव नाही राहिली."

ऋतुजा दुपट्ट्याकडे बघत राहिली.

"पाणीच तसं हाय, काय करता."

इथे सौदा संपायला हवा होता. पण दुपट्टा हलला नाही. गुलाबराव म्हणाले, "सुमन म्हणते नवीन माल येते पुढच्या हप्त्यात." मग म्हणाले, "भरताचं वांगं तर हिवाळ्यातच खावं." मग वांगी संपली. मग ते नळाच्या पाण्याबद्दल बोलले, ते किती कमी दाबाने येऊन राहिलं याबद्दल. मग कूलरच्या गवताबद्दल, जे दरवर्षी बदलायला पाहिजे आणि कोणी बदलत नाही. मग वानखेड्यांच्या गॅलरीतल्या तुळशीबद्दल. आवाज तसाच, सरळ. नजर फाटकावर. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. विषय एकेक करून संपत गेले आणि मग ते गप्प झाले. तोंड गप्प असताना दुपट्ट्याखाली हात असलेले गुलाबराव मी पहिल्यांदा पाहत होते. रस्त्यावरून आइस्क्रीमची गाडी घंटी वाजवत गेली. दुपट्टा तसाच होता.

शेवटी ऋतुजानेच दुसऱ्या हाताने तो काढला. घडी केली, त्यांच्या खांद्यावर नीट ठेवली. तिचा उजव्या हाताचा अंगठा लाल झाला होता. तिने तो मुठीत लपवला, पण उशिरा.

"आई," ती म्हणाली, "मी उद्या भरते."

शोभा म्हणाली, "मी तर आधीपासून नाही म्हणून राहिली," आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. मग कोण काय बोलत होतं ते मला सांगता येणार नाही, कारण सगळेच बोलत होते. वानखेडे साहेब वरून ओरडले, "बिनधास्त जा," आणि या वेळी मला वाटतं त्यांचं बोटही तेच म्हणालं असतं. गुलाबराव उठून चौकात गेले आणि पेढे घेऊन आले. घरोघरी वाटताना म्हणत होते, "सौदा झाला. पक्का झाला."

जूनमध्ये ऋतुजा गेली. पहिल्याच व्हिडिओ कॉलला त्यांनी सवयीने फोनवरच दुपट्टा टाकला. तिला तिकडे नुसता अंधार दिसला आणि यांचा अंगठा लागून फोन बंद पडला. तिने परत लावला, यांनी परत बंद पाडला. आता शोभा फोन लांब धरून बसते.

तिचं छान चाललं आहे. खूप वाचायला असतं, झोप होत नाही, आणि मंदी का येते यावर तिचे प्राध्यापक आपसात भांडतात, असं ती आनंदाने सांगते. मंदी अजून गेलेली नाही. पुढे काय होईल कोणाला माहीत नाही. पण फोनवरचा तिचा आवाज ऐकून मलाच पुन्हा कॉलेजात जावंसं वाटतं.

आणि मी गेले आहे, तेही सांगते. ती गेल्यानंतरच्या शनिवारी गुलाबराव इस्त्रीचा दुपट्टा घेऊन आमच्या ओट्यावर आले. "बाई, मोकळ्या हाय का? तुमाले दोनच बोटं येते. मंदी हाय, शिकून घ्या बाकीचे." तेव्हापासून दर शनिवारी माझा वर्ग असतो. ते हात दुपट्ट्याखाली उघडा ठेवतात आणि मी बोटं, पेरं, मूठ शिकते. मी फार हुशार विद्यार्थिनी नाही. मधलं बोट आणि अनामिका यांत अजून घोटाळा होतो. तेव्हा ते म्हणतात, "बाई, यवतमाळचा दुकानदार लुटून गेला तुमाले." पण आता मी भाव पाडू शकते, वाढवू शकते, थांबा म्हणू शकते, आणि माल पसंत नाही हे समोरच्याला न दुखवता सांगू शकते.

गेल्या शनिवारी मी विचारलं, "आणि 'जाऊ नको' कसं म्हणायचं? त्याला कोणतं बोट?"

दुपट्ट्याखाली त्यांची बोटं थोडी हलली, जणू एकेक तपासून पाहत होते.

"त्याले बोट नाही, बाई," ते म्हणाले. "बाजारात कोणी कोणाले जाऊ नको म्हणत नसते."

मी माझा हात तसाच राहू दिला. थोड्या वेळाने त्यांनी फाटकाकडे तोंड केलं आणि वांग्यांबद्दल बोलायला लागले.